४०:१ इनोसिटॉल पावडर: रक्तातलं प्रमाण, फॉलिकलमधलं प्रमाण आणि डब्यावरचे मिलिग्रॅम

पीसीओएसचं (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, ज्यात पाळी अनियमित होते) निदान झालेलं असतं, मूल हवं असतं, आणि अनेकींच्या हातात डॉक्टरांच्या पहिल्या गोळीच्याही आधी इनोसिटॉलची पावडर पडते. डब्यावर ठळक अक्षरांत ‘४०:१’ छापलेलं असतं: मायो-इनोसिटॉल ४० भाग, डी-कायरो-इनोसिटॉल १ भाग. हे परीक्षण या प्रकारच्या पावडरीचं आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही. आतलं मूळ द्रव्य सगळीकडे तेच असतं. फरक पडतो तो मात्रेत, सोबत मिसळलेल्या इतर द्रव्यांच्या भरीत आणि लेबल कसं लिहिलंय यात.

मत आधीच सांगतो. रोज ४ ग्रॅम मायो आणि त्यासोबत १०० मिलिग्रॅम डी-कायरो, दोन वेळांत विभागून, तीन महिने, एवढ्यासाठी ही पावडर घ्यायला हरकत नाही. साखर-इन्सुलिनच्या बाजूने थोडा फायदा होऊ शकतो, काहींची पाळी नियमित होते, त्रास फारसा नाही. पण ‘दिवस राहण्यासाठी’ म्हणून ती विकली जाते तेव्हा तिच्यामागचा पुरावा कच्चा आहे. आणि ४०:१ या आकड्याला जे वजन दिलं जातं तेवढं त्याला नाही. पाहायचे असतात ते मिलिग्रॅम. असं का, ते समजण्यासाठी अंडाशयात शिरावं लागतं.

४०:१ हे प्रमाण रक्तातलं आहे. निरोगी माणसाच्या रक्तात मायो आणि डी-कायरो साधारण या प्रमाणात सापडतात, म्हणून पावडरही त्याच प्रमाणात बनवायची, असा विचार झाला. अंडाशयाचा हिशोब मात्र वेगळा आहे. फॉलिकलमध्ये, म्हणजे सोनोग्राफीत काळ्या गोल ठिपक्यासारख्या दिसणाऱ्या त्या पिशवीत, जे द्रव असतं त्यात निरोगी बाईत हे प्रमाण १००:१ च्या आसपास आणि पीसीओएस असलेल्या बाईत ०.२:१ इतकं उलटं झालेलं आढळल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे जिथे मायोचा साठा भरपूर हवा तिथे तोच आटलेला आणि डी-कायरो वरचढ.

याचं स्पष्टीकरण असं दिलं जातं. मायोचं डी-कायरोत रूपांतर करणारं एक विकर आहे, एपिमरेज. ते इन्सुलिनच्या इशाऱ्यावर चालतं. पीसीओएसमध्ये स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, त्यामुळे शरीर जास्त इन्सुलिन सोडतं. अंडाशय मात्र इन्सुलिनचं म्हणणं ऐकतच राहतं. स्नायूंत एपिमरेज मंद आणि अंडाशयात तेच भरधाव, अशी स्थिती होते. तिथला मायो संपत जातो. एफएसएचचा (फॉलिकल वाढवणाऱ्या हार्मोनचा) संदेश फॉलिकलच्या आतल्या ग्रॅन्युलोसा पेशींच्या आत पोहोचवण्याच्या साखळीत आणि बीज पक्व होताना लागणाऱ्या कॅल्शियमच्या लाटांत मायोपासून बनणारे रेणू लागतात, म्हणून तो संपणं महागात पडतं. त्याच वेळी जादा इन्सुलिन एलएचच्या (बीज सुटायला लावणाऱ्या हार्मोनच्या) जोडीने फॉलिकलभोवतीच्या थीका पेशींना पुरुषी हार्मोन बनवायला लावतं आणि यकृतातून येणारं, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एसएचबीजी हे प्रथिन कमी करतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. फॉलिकल ६-७ मिलिमीटरवर अडकून पडतात, कुठलंच पुढे सरकत नाही. सोनोग्राफीत ‘मोत्यांची माळ’ दिसते ती यामुळे.

इथे एक सावधगिरी. फॉलिकलमधल्या द्रवाबद्दल जे काही माहीत आहे त्यातलं बहुतेक आयव्हीएफच्या (बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत फलन करण्याच्या उपचाराच्या) टेबलावरून आलेलं आहे, कारण निरोगी बाईच्या अंडाशयात नुसतं द्रव तपासण्यासाठी कुणी सुई घालत नाही. आठ-दहा दिवस एफएसएचची इंजेक्शनं, मग ट्रिगर, म्हणजे बीज पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी योनीमार्गे सोनोग्राफीच्या मदतीने सुईने फॉलिकल रिकामे केले जातात. १८ मिलिमीटरचं फॉलिकल गोल धरलं तर त्यात जेमतेम ३ मिलिलिटर द्रव असतं. गवती पिवळ्या रंगाचं, किंचित चिकट. नळी बशीत ओतली की कापसाच्या तुकड्यासारखा दिसणारा पेशींचा झुपका शोधायचा, त्यातलं बीज उचलायचं. उरलेलं द्रव एरवी टाकून दिलं जातं. संशोधनासाठी ते ठेवायचं तर पहिल्या फॉलिकलचं, रक्त न मिसळलेलं, फ्लशिंगचं (फॉलिकल धुण्याचं) माध्यम न वापरलेलं घ्यावं लागतं, लगेच सेंट्रिफ्यूज करून पेशी वेगळ्या काढाव्या लागतात आणि उणे ८० अंशांवर गोठवावं लागतं. पेशी तशाच राहिल्या तर त्या नळीतही ग्लुकोज खात राहतात आणि लॅक्टेट वाढतं; मग मोजलेला आकडा अंडाशयाचा राहत नाही, टेबलावरच्या दिरंगाईचा होतो. रक्त मिसळलं तर रक्तातलं प्रमाण मोजलं जातं. १००:१ आणि ०.२:१ हे आकडे जाहिरातीत ब्रह्मवाक्यासारखे येतात, तेव्हा त्यांच्यामागे थोड्या महिलांचे, इंजेक्शनांनी वाढवलेल्या फॉलिकलमधले नमुने आहेत हे लक्षात ठेवायला हवं.

शिवाय त्या ३ मिलिलिटरमध्ये बिघडलेलं एकटं इनोसिटॉल नसतं. स्त्रीबीजाला ग्लुकोज स्वतः नीट फोडता येत नाही. भोवतालच्या क्युम्युलस पेशी ग्लुकोजचं पायरुव्हेट करतात आणि सूक्ष्म जोडण्यांमधून ते बीजाला पुरवतात. या पेशींनी इन्सुलिनला दाद देणं कमी केलं की ग्लुकोज आत घेणं मंदावतं आणि बीजाची शिदोरीच कमी पडते. पीसीओएसच्या द्रवात ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही शाखायुक्त अमिनो आम्लं वाढलेली, पामिटिक-ओलेइक यांसारखी मोकळी मेदाम्लं वाढलेली, मेद जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहिल्याची खूण असलेले अॅसिलकार्निटाइन बदललेले, ऑक्सिडेटिव्ह ताण वाढलेला, अँड्रोजन जास्त, असं निरनिराळ्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. सगळे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. वजन, वय, इंजेक्शनांचा डोस यांनी चित्र बदलतं. पण एक कळतं: या यादीतल्या एका वस्तूची भरपाई तोंडाने करून बाकीच्या आपोआप सुधारतील, असं धरून चालणं घाईचं आहे. पावडर विकत घेताना हे डोक्यात असलं की अपेक्षा योग्य जागी राहते.

आता त्या दुसऱ्या घटकाकडे, डी-कायरोकडे. सगळ्यात जास्त चूक याच्याबाबतीत होते. १९९९ मध्ये एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत लठ्ठपणा आणि पीसीओएस असलेल्या ४४ महिलांपैकी निम्म्यांना रोज १२०० मिलिग्रॅम डी-कायरो दिलं. २२ पैकी १९ जणींना ओव्ह्युलेशन झालं, म्हणजे बीज सुटलं, दिखाऊ गोळी घेणाऱ्या २२ पैकी ६ जणींना. त्यावरून डी-कायरो जितकं जास्त तितकं चांगलं, असा समज पसरला. मग २०१२ मध्ये आयव्हीएफ घेणाऱ्या, साखर सामान्य असलेल्या ५४ पीसीओएस महिलांना आठ आठवडे दिखाऊ गोळी किंवा ३००, ६००, १२०० किंवा २४०० मिलिग्रॅम डी-कायरो देऊन पाहिलं. वरच्या दोन डोसांत एफएसएच जास्त लागलं आणि सर्वांत मोठ्या डोसात पक्व बीजं कमी मिळाली. आधीच डी-कायरो वरचढ असलेल्या अंडाशयात आणखी डी-कायरो ओतलं तर असंच होणार, असा याचा अर्थ लावला गेला. डी-कायरो ग्रॅन्युलोसा पेशींतलं अॅरोमॅटेज, म्हणजे अँड्रोजनचं इस्ट्रोजन करणारं विकर, दाबतं असंही प्रयोगशाळेत दिसलं आहे. स्नायूंना जे चालतं ते अंडाशयाला चालेलच असं नाही.

म्हणून बाजारात ५५० मिलिग्रॅम मायो आणि १५० मिलिग्रॅम डी-कायरो अशा ज्या गोळ्या दिसतात, त्यांच्याकडे नीट पाहा. प्रमाण साधारण ३.७:१. दिवसाला दोन गोळ्या घेतल्या तर मायो जेमतेम १.१ ग्रॅम जाईल, म्हणजे अभ्यासांत वापरलेल्या ४ ग्रॅमच्या जवळपासही नाही. बरं, मायो ४ ग्रॅमच्या जवळ न्यायचं म्हणून गोळ्या वाढवल्या तर सात गोळ्या लागतील आणि डी-कायरो १०५० मिलिग्रॅमवर जाईल, म्हणजे बीजं बिघडल्याचं दिसलेल्या डोसच्या उंबरठ्यावर. मूल हवं असलेल्या बाईने ही गोळी स्वतःच्या मनाने वाढवू नये. ज्या डब्यावर ‘हाय स्ट्रेंग्थ डी-कायरो’ हीच फुशारकी आहे, तो आयव्हीएफच्या तयारीत असलेल्या बाईच्या कामाचा नाही.

४०:१ ला आधार देणारी सगळ्यात जास्त सांगितली जाणारी चाचणी २०१९ ची. ५६ महिलांचे सात गट, प्रत्येक गटात आठ जणी, सात निरनिराळी प्रमाणं, दिवसातून दोनदा २ ग्रॅम, तीन महिने. ४०:१ चा गट सर्वांत पुढे राहिला. आठ जणींच्या गटात एकीची पाळी योगायोगाने आली-गेली तरी टक्केवारी बारा-तेराने हलते. एवढ्याशा धाग्यावर ‘सुवर्ण प्रमाण’ टांगणं आम्हाला पटत नाही. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही इनोसिटॉलचा कुठला प्रकार, डोस किंवा मिश्रण घ्यावं अशी शिफारस करता येत नाही, असंच म्हटलं आहे. आम्ही ४०:१ ठीक म्हणतो ते वेगळ्या कारणाने: त्यात डी-कायरो पुरेसं कमी असतं. नुसतं मायो घेतलं तरी आमच्या दृष्टीने बिघडत नाही.

डबा हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. पहिला आकडा पाहायचा तो ‘सर्व्हिंग’ किती ग्रॅमची आणि त्यात मायो किती. पाकीट ५ ग्रॅमचं असतं, पण मायो २ ग्रॅमच असतं. उरलेलं चव, गोडवा, आम्लता. हे चालतं, फक्त पाकिटाचं वजन म्हणजे मायोचं वजन नव्हे. ३० पाकिटांचा डबा महिनाभराचा वाटतो, पण दिवसाला दोन पाकिटं लागतात, म्हणजे तो १५ दिवसांचा. याच गैरसमजातून अनेकजणी दिवसाला एकच पाकीट घेतात आणि ‘मला काही फरक पडला नाही’ म्हणतात. ‘इनोसिटॉल ब्लेंड २०५० मिलिग्रॅम’ असं एकत्र लिहून मायो आणि डी-कायरो वेगळे दिले नसतील, तर तो डबा खाली ठेवा. दोन्ही मिलिग्रॅममध्ये वेगवेगळे हवेत: २००० आणि ५०. सॉफ्टजेल कॅप्सूलमध्ये मायो कमी असतं आणि ‘कमी पुरतं कारण शोषण चांगलं’ असा दावा असतो. त्यामागचा पुरावा पावडरीपेक्षाही थोडा आहे.

पुढे भर. माल्टोडेक्स्ट्रिन, सॉर्बिटॉल, सुक्रालोज यांमुळे आतड्यातून मायोचं शोषण कमी होतं असं अभ्यासांत दिसलं आहे. कारण समजण्यासारखं आहे: मायो आणि ग्लुकोज यांचं रेणुसूत्रही एकच, सी६एच१२ओ६, आणि आतड्याच्या भिंतीवरच्या वाहकांवर साखरेसारख्या रेणूंची गर्दी झाली की मायो मागे पडतो. डी-कायरोही त्याच दारातून आत जातं, म्हणून त्याचं प्रमाण वाढवलं की मायोचंच शोषण घटतं. लिंबाच्या, संत्र्याच्या चवीची पावडर पिताना छान लागते, पण आमची पसंती साध्या, बिनचवीच्या पावडरीला. ती मुळातच थोडी गोड असते, साखरेच्या निम्म्याइतकी. वेगळ्या गोडव्याची गरज नाही.

काही डब्यांत अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नावाचं दुधातलं प्रथिन घातलेलं असतं. याला थोडा आधार आहे. मायो घेऊनही ज्यांना ओव्ह्युलेशन होत नव्हतं आणि रक्तातली पातळीही वाढत नव्हती अशा १४ जणींना हे प्रथिन जोडून मायो दिल्यावर १२ जणींना ओव्ह्युलेशन झाल्याचं २०१८ मध्ये नोंदलं गेलं. आकडा लहान आहे, तुलनेचा गट नाही, तरी तीन महिने साधी पावडर घेऊन काहीच हललं नसेल तर हा प्रकार करून पाहणं चुकीचं नाही. दुधाच्या प्रथिनाची अॅलर्जी असलेल्यांनी तो टाळावा.

घ्यायची पद्धत साधी आहे. एका पेल्यात २०० मिलिलिटर साधं पाणी, त्यात २ ग्रॅम पावडर, चमच्याने ढवळायचं. सुरुवातीला दाणे तळाशी बसतात, मिनिटभरात विरघळतात आणि पाणी पुन्हा नितळ होतं. शुद्ध इनोसिटॉल १०० मिलिलिटर पाण्यात १४ ग्रॅमच्या आसपास विरघळू शकतं, म्हणजे २ ग्रॅमसाठी एक पेला फारच झाला. ‘शुद्ध’ म्हणून घेतलेल्या बिनचवीच्या पावडरीचं पाणी ढवळूनही दुधाळ राहिलं, किंवा तळाशी पिठासारखा थर बसला, तर आत भर आहे. प्रथिन घातलेल्या प्रकारात थोडा फेस आणि गढूळपणा स्वाभाविक आहे. सुट्या डब्यातल्या पावडरीसाठी सोबतच्या चमच्यावर विसंबू नका. दाबून भरलेला आणि सैल भरलेला चमचा यांत बराच फरक पडतो. स्वयंपाकघरातल्या ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर एकदा मोजून घ्या आणि तेवढा चमचा किती भरतो ते पाहून ठेवा.

सकाळी एकदा, रात्री एकदा. ४ ग्रॅम एकदम घेतलं तर रक्तातली पातळी एकदा उंच चढून दिवसभरात उतरते. विभागून घेतलं तर ती जास्त वेळ टिकते. गोड पेय, फळांचा रस यांत मिसळू नका, कारण वर सांगितलं तेच, वाहकावर गर्दी. पोट रिकामं असलेलं बरं, पण मळमळ झाली तर खाल्ल्यावर घ्या. वेळ साधण्यापेक्षा रोज घेणं महत्त्वाचं. त्रास झालाच तर गॅस, पोट सैल होणं, तोही सहसा १२ ग्रॅमच्या आसपासच्या डोसला. मेटफॉर्मिन (पीसीओएसमध्येही दिली जाणारी मधुमेहाची गोळी) आणि ही पावडर एकाच आठवड्यात सुरू करू नका. पोट बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळणार नाही, आणि दोष बहुधा मेटफॉर्मिनचा असताना दोन्ही बंद होतील.

ज्या लिथियम घेतात त्यांनी मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ही पावडर घेऊ नये. लिथियमचं काम शरीरातल्या इनोसिटॉलच्या चक्राशीच निगडित आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुरुवातीला साखर जास्त वेळा तपासा.

बहुतेक डब्यांत फॉलिक अॅसिडही असतं, प्रत्येक पाकिटात २०० मायक्रोग्रॅम, दिवसाला ४००. मूल हवं असलेल्या प्रत्येकीला ते हवंच, त्यामुळे ही चांगली सोय. पण पावडर एक दिवस चुकली की फॉलिक अॅसिडही चुकतं, म्हणून ते वेगळ्या गोळीतून घेणं आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं. वेगळी गोळी चालू असताना डब्यातलंही मोजा, आणि जास्त डोस लागेल का हे डॉक्टर ठरवतील.

तीन महिन्यांची मुदत मनाला येईल तशी ठरवलेली नाही. लहान फॉलिकल वाढून बीज सुटायला लागणारा काळ साधारण ८५ दिवसांचा आहे. आज बदललेलं वातावरण ज्या बीजाला मिळेल ते तीन महिन्यांनी बाहेर पडणार. तीन आठवड्यांत पाळी आली नाही म्हणून डबा फेकणं जितकं चूक, तितकंच वर्षभर ‘अजून थोडं पाहू’ म्हणणं चूक.

परिणाम तपासायचा कसा, यात बरीच गफलत होते. पाळी आली म्हणजे बीज सुटलं असं नाही. घरी वापरायची एलएच पट्टी पीसीओएसमध्ये फसवते, कारण एलएच मुळातच चढलेलं असू शकतं आणि पट्टी दिवसेंदिवस गडद येत राहते. भरवशाची तपासणी म्हणजे पुढची पाळी यायच्या साधारण ७ दिवस आधीचं रक्तातलं प्रोजेस्टेरॉन. ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर बीज सुटलं असं समजायला आधार मिळतो. ‘२१ व्या दिवशी तपासा’ हा नियम २८ दिवसांच्या पाळीचा. ४५ दिवसांची पाळी असलेल्या बाईने २१ व्या दिवशी तपासलं तर निकाल कमी येणारच, आणि ओव्ह्युलेशन होत असूनही ‘होत नाही’ अशी नोंद होईल. पाळी कधी येईल याचा नेमच नसेल तर दर आठवड्याला तपासणी करा, किंवा सोनोग्राफीत फॉलिकल मोजत जा. इन्सुलिनच्या बाजूसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन साखर मोजण्याची तपासणी सुरुवातीला करून ठेवावी. मूल हवं असलेल्या पीसीओएसच्या बाईला ती एरवीही हवीच. फॉलिकलमधलं द्रव तपासून डोस ठरवणारी चाचणी कुणी देऊ केली, तर त्यावर खर्च करू नका. ते संशोधनातलं साधन आहे, त्यावरून उपचार ठरवण्याची मान्य पद्धत अजून नाही.

पुराव्याचा हिशोब असा. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) १३ चाचण्या आणि १४७२ महिला होत्या, बहुतेक आयव्हीएफच्या आधी मायो घेणाऱ्या. मायोमुळे जिवंत बाळाच्या जन्माची शक्यता वाढते की नाही हे सांगता येत नाही, पुराव्याचा दर्जा अतिशय कमी आहे, हा निष्कर्ष. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांसाठी ३० चाचण्या आणि २२३० महिलांचा आढावा घेतला गेला. चयापचयाच्या काही मोजमापांत फायदा दिसू शकतो, ओव्ह्युलेशन, केस आणि वजन यांवर परिणाम मर्यादित, अपाय कमी, म्हणून बाईची इच्छा पाहून देता येईल, असं ठरलं. अंगावरचे केस आणि पोटाचा घेर यांसाठी तिथे इनोसिटॉलपेक्षा मेटफॉर्मिनला पसंती दिली आहे, पोटाचा त्रास जास्त होतो हे सांगून. या क्षेत्रातल्या अनेक निबंधांच्या शेवटी लेखकांचे उत्पादकांशी असलेले संबंध जाहीर केलेले असतात. ते वाचून मग निकाल वाचा.

याच्या शेजारी लेट्रोझोल, म्हणजे बीज सुटण्यासाठी दिली जाणारी गोळी, ठेवून पाहा. २०१४ मध्ये ७५० पीसीओएस महिलांवर झालेल्या चाचणीत जास्तीत जास्त पाच चक्रांत लेट्रोझोलच्या गटात २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफेन या त्याच कामाच्या जुन्या गोळीच्या गटात १९.१ टक्के. ओव्ह्युलेशन न होणाऱ्या पीसीओएसमध्ये मूल हवं असेल तर पहिलं औषध तेच. पावडर त्याच्या जागी बसत नाही. या पावडरीने होणारं सगळ्यात मोठं नुकसान पोटाचं नसतं, वेळेचं असतं. वय ३५ च्या पुढे असेल, किंवा पाळी तीन-तीन महिने येत नसेल, तर पावडरीचे तीन महिने आणि डॉक्टरांची भेट एकाच वेळी सुरू झाली पाहिजे. ९० दिवसांहून जास्त पाळी चुकली तर आधी गरोदरपणाची चाचणी करा, आणि ती नकारात्मक असेल तर डॉक्टरांकडे जा. बीज सुटत नसताना गर्भाशयाचं अस्तर साचत राहतं आणि ते उतरवणं पावडरीच्या हातात नाही. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच महिन्यात व्हावी. बाई वर्षभर पावडरी पिते आणि शुक्राणूंची संख्या शेवटी मोजली जाते, हे फार वेळा घडतं आणि ते टाळता येण्यासारखं आहे.

दिवस राहिले तर डब्याचं काय? गरोदरपणातही ती चालू ठेवली तर मधुमेह, रक्तदाबाची गुंतागुंत, अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळेल, ही आशा होती. नेदरलँड्समध्ये ४६४ पीसीओएस महिलांपैकी निम्म्यांना गरोदरपणात रोज ४ ग्रॅम मायो देऊन केलेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. तेव्हा चाचणी सकारात्मक आली की पावडर पुढे घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा, आणि ती थांबली तर तिच्यातलं ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड त्याच दिवसापासून गोळीतून सुरू ठेवा.